मानशीच्या दाराखाली

एर्मेलिंदाबायनं जस्ताचे पाच पत्रे
तारेला ओवून माझ्या मानशीच्या दाराखाली सोडले,
तेव्हा मला वाटलं, कुर्ल्या धरायची नवी तऱ्हा.
विचारलं, आमिष काय?
म्हणाली, काही नाही. पाण्याला येऊ-जाऊ दे.

माळारच्या खाजनावर चौतीस वर्षं झाली मला.
भरती आपणच दार लोटून घेते,
ओहोटी आपणच उघडते,
मासळी ज्यानं लिलाव घेतला त्याची.
माझं काम फळीत अडकलेले ओंडके काढायचे, झावळ्या,
एकदा एक प्लास्टिकची खुर्ची.
दार सांभाळतो म्हणायचं, एवढंच.

दोन उधाणं, दोन भांगं पत्रे खालीच राहिले.
वर काढले तर कडा कुरतडलेल्या,
मधे खाऱ्या पाण्यानं चाटून चाटून केलेले खळगे,
एका कोपऱ्यात कालवांची बारकी पिल्लं, घट्ट.
मी खरवडायला कोयता काढला.
तिनं माझा हात धरला. पहिल्यांदाच.
मग दोघंही जरा नदीकडे बघत राहिलो.

तिच्या घरी, शिंपल्यांच्या खिडकीखाली, लोखंडी यंत्र आहे,
चाक रहाटाएवढं.
शाई आधी सगळीकडे माखते, मग पुसते,
जाळीच्या कापडानं, शेवटी तळव्यानं,
तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
ओला कागद, वर नमदा.
चाक मी ओढलं, तिचा खांदा गेलाय.

कागद उचलला.
होडी नाही, बगळा नाही, तिवराचं एक पानही नाही.
शेवाळी, काळं, मधे गंजासारखं काहीतरी,
आणि बारीक ओरखडे, सगळे एकाच बाजूला कललेले.
मी गप्प. काय बोलणार?
तीच म्हणाली, सोयरू, वरची बाजू कुठली?
चेष्टा करते वाटलं.
नव्हती करत.

मी कागद फिरवला. पुन्हा फिरवला.
मग पाणी दिसलं. म्हणजे दिसलं नाही, ओढ कळली,
पायाला कळते तशी.
म्हटलं, ही वर. पण बाय, तुझी ओहोटी उलटी चाललीय.
आपली डावीकडे वळते, मांडवीला.
ही उजवीकडे पळतेय.

तिनं चष्मा काढला, शाईच्या झग्याला पुसला,
आणखी मळवला.
छापात सगळं उलटं पडतं, म्हणाली.
चाळीस वर्षं छापतेय. लोक विचारतात, हे काय आहे.
उलटं आहे, असं कुणी म्हणालं नव्हतं.

पुढच्या खेपेला पत्र्यांची तोंडं नदीकडे केली.

नारळी पुनवेच्या उधाणाला बांध फुटला.
कोरगुट तीन दिवस खाऱ्या पाण्यात तगलं,
चौथ्या दिवशी पिवळं पडलं.
चार पत्रे गेले. पाचवा आठवड्यानं सापडला,
जुझेच्या शेतात, गाळात उभा रुतलेला,
कुणी पाटी लावावी तसा.

त्याचा एकच छाप तिनं काढला.
जवळजवळ कोरा. वरच्या अंगाला वीतभर गाळाचा रंग,
खाली एक रेघ, कागदाला आतून उठलेली.
त्या रात्रीच्या बॅटऱ्या नाहीत त्यात, हाका नाहीत,
ओळीनं मातीची घमेली देणाऱ्या बायका नाहीत.
मी रेघेवर बोट ठेवलं.
इथवर होतं पाणी, म्हटलं, आणि छाती दाखवली.
ती पेन्सिलीनं खाली १/१ लिहीत होती.
एकवर थांबली, मग तिरकी रेघ, मग दुसरा एक.

आता तो माझ्या ओसरीवर आहे, काचेत.
बायको म्हणते, भिंतीला ओल धरल्यासारखं दिसतं.
दर शनिवारी फडक्यानं काच पुसते,
आणि मागे हात घालून बघते
भिंत कोरडी आहे ना.